दुसऱ्या मजल्यावरून डबल बेल

कर्वेनगर, पुणे ५२
१७ जून २००२

चि. उत्कर्षास अनेक आशीर्वाद.

सवयीनं 'चि. सौ.' लिहिलं गेलं. 'सौ.' खोडणं बरं दिसेना, म्हणून कागद बदलला. तुझा बंगळूरचा पत्ता तुझ्या आईंकडून घेतला. कशाला हवाय, असं त्यांनी विचारलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

कामाचं लिहिते. तुझी दोन पोती आमच्या माळ्यावर आहेत. दिग्विजयचं आणि तुझं कोर्टात संपलं आणि तू निघालीस, तेव्हा "नंतर नेते" म्हणाली होतीस. त्या 'नंतर'ला आता दोन वर्षं होतील. माळ्याला वाळवी लागली आहे, सुतार यायचा आहे. म्हणून पोती खाली काढली. एकात नारिंगी आणि निळा असे दोन दोर. दुसऱ्यात तुझा तो कमरेला बांधायचा पट्टा, कुलपासारख्या कड्या, कापडी पट्ट्या, हेल्मेट, पांढऱ्या पुडीची पिशवी आणि बूट. कडे चढणाऱ्या बाईचे बूट एवढे घट्ट का असावेत, हे तू या घरात होतीस तोवर मला कळलं नाही.

तरी सदर सामान महिन्याच्या आत घेऊन जावे. न नेल्यास योग्य ती विल्हेवाट लावण्यात येईल व त्याबद्दल नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

इकडे सर्व ठीक. हे बरे आहेत, घरीच असतात. आमच्या वरच्या मजल्यावर पूर्णिमा म्हणून अमरावतीची मुलगी भाड्यानं आली आहे. हिंजवडीला कंप्युटरमध्ये आहे. मुलगी गुणाची आहे, पण पोळीला 'चपाती' म्हणते.

द्वारका


२९ जुलै २००२

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

मुदत संपली. तुझं उत्तर नाही. विल्हेवाट सुरू केली आहे, ती कळवणं माझं कर्तव्य.

नारिंगी दोर बाल्कनीत बांधला. ओली चादरसुद्धा त्यावर झोळ धरत नाही. नायलॉनची दोरी आणायचे त्याऐवजी हाच आधी का काढला नाही, असं झालं. निळ्या दोराची वेणी घालून ती गोल गोल शिवत गेले आणि दारात पायपुसणं केलं. पूर्णिमा म्हणाली, "काकू, हे तर मोठ्या दुकानात विकायला ठेवता येईल." मी म्हटलं, आधी पाय पूस.

पांढरी पूड मी रांगोळी समजले. दारात ठिपके काढले, ते वाऱ्यानं उडून सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ यांच्या स्कूटरवर बसले. ते वर येऊन बरंच बोलले. मग तीच पूड ओल्या फडक्यावर घेऊन चांदीचं निरांजन घासलं, तर असं लखलखीत निघालं की लग्नात आलं तेव्हाही तसं नसेल. हेल्मेट उलटं टांगून त्यात कोथिंबीर लावली. भोकं आहेतच, पाणी साठत नाही. बूट मला होतात. ते घालून स्टुलावर चढले की पाय घसरत नाही. फक्त उतरल्यावर बोटं मोजून घ्यावी लागतात.

कड्यांना स्वयंपाकघरात कढया टांगल्या. एक कडी पूर्णिमानं चाव्यांसाठी नेली. लाल पट्टी पलंगाच्या पायथ्याला बांधली आहे. धरून उठून बसायला फार सोयीची पडते.

फक्त कमरेचा पट्टा शिल्लक आहे. त्याचं काय करतात ते सुचत नाही. पोत्यातच ठेवला आहे.

हे विचारत होते, "कोणाला एवढं लांबलचक लिहितेस?" मी म्हटलं, माळ्याचा पत्रव्यवहार आहे.

द्वारका


१९ ऑगस्ट २००२

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. 'ती. काकू' वाचलं. काकू चालेल.

दोराबद्दल लिहिलंस ते कळलं. "कपडे वाळत घाला, पाय पुसा, पण त्याला माणूस लटकवू नका. उन्हात राहिलेला दोर धट्टाकट्टा दिसतो आणि ऐन वेळी दगा देतो." बरं. आमच्याकडे लटकायला कोणी उत्सुक नाही. पूड हात घसरू नयेत म्हणून लावायची, मॅग्नेशियमची आहे आणि रांगोळी नव्हे, हेही कळलं. बद्रीनाथांना कळवलं.

पण शेवटी विचारलंस, "पलंगाची पट्टी धरून कोण उठतं?" एवढ्या पत्रातून तुला नेमकं तेच कसं दिसलं? मी ते वाक्य मुद्दाम दोन कढयांच्या नंतर घातलं होतं.

विचारलंस म्हणून सांगते. गेल्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं महिनाभरात आलं, आणि आलं ते पूर्ण आलं, त्याची काळजी नको. हात थोडा हलतो. वॉकर धरून पलंगापासून बाल्कनीपर्यंत जातात. पण जिना नाही. जिना अरुंद आणि वळणाचा. एकदा शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून उतरवायचा प्रयत्न केला, तर वळणावर खुर्ची कलली आणि हे कठड्यावर आदळले. लागलं फारसं नाही. पण तेव्हापासून खाली उतरायचं नाव काढू देत नाहीत. दिग्विजय फोनवर म्हणाला, "चौघांना सांगून उचलून न्या." त्यावर हे काय म्हणाले माहीत आहे? "माणसाला चौघं उचलून खाली नेतात तो दिवस एकदाच येतो. तो आला की कळवीन."

ज्या माणसानं तीस वर्षं पीएमटी चालवली, स्वारगेट, कोथरूड, हडपसर सगळं ज्याच्या पायाखाली होतं, तो दिवसभर बाल्कनीत बसतो. समोर रस्त्यापलीकडे श्यामसुंदरचं सलून आहे, तुला आठवत असेल. तो रविवारी वर येऊन यांचे केस कापून जातो. परवा कापताना हे त्याला म्हणाले, "श्यामसुंदर, तुझ्या खुर्चीत बसून कापले असते तर चार शब्द कानावर आले असते रे." बाकी यांचं मागणं काही नाही. सलूनमध्ये बसायचं आहे.

दिग्विजय म्हणतो, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जागा घेतो. तिथून श्यामसुंदर दिसणार नाही म्हणून हे नको म्हणतात.

हे तुला का कळवलं नाही असं विचारू नकोस. कोणत्या नात्यानं कळवायचं ते मला ठरवता येईना.

द्वारका


१२ सप्टेंबर २००२

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

गणपती बसले. पूर्णिमानं आणि तिच्या ऑफिसातल्या मुलींनी या वर्षी वरच्या मजल्यावर स्वतःचा गणपती आणला आणि आरतीला रेडिओ लावला. असो.

तू फोन केलास त्या दिवशी मी देवळात होते आणि फोन यांनी घेतला. काय बोललात ते हे सांगत नाहीत. मी आले तेव्हा रिसीव्हर मांडीवर ठेवून हसत बसले होते.

आता एक विचारते. तो जो कमरेचा पट्टा आहे, त्यात बसवून माणूस दोरानं खाली सोडतात, असं पूर्णिमा म्हणाली. तिनं कॉलेजात असताना चिखलदऱ्याला केलं आहे. बाल्कनीतून तसं करता येतं का? असंच विचारते. दोर तुझा नव्हे. तो कपड्यांखाली गेला.

काल हॉलमध्ये पट्टा यांना घालून पाहिला. "ही कोणाची चड्डी?" म्हणाले. तुझी म्हटल्यावर म्हणाले, "मुलीनं हिमालयात नेलेली वस्तू आहे, नीट बांध." पट्टे सैल केल्यावर बसला. हे पलंगावर तो घालून अर्धा तास बसून राहिले. काढू देईनात.

आणखी एक कळवायचं आहे, ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दिग्विजयचं लग्न ठरलं. मुलगी नाशिकची, तीही दिग्विजयच्याच शहरात नोकरीला असते. डिसेंबरात कार्यालय घेतलं आहे, इथंच, कर्वे रोडला. हे म्हणतात, मी येत नाही, इथूनच अक्षता टाकतो. त्याला माहीत आहे, त्याला वाईट वाटतं, पण तो बापाला ओळखतो.

मी तुला लग्नासाठी यांना खाली आणायला सांगत नाही. तेवढं मला कळतं. मी फक्त सलूनबद्दल विचारते आहे.

द्वारका


३ ऑक्टोबर २००२

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

तुझ्या सगळ्या अटी मान्य. डॉक्टरांना विचारलं. आधी ते हसले, मग यांना तपासून म्हणाले, रक्तदाब ठीक आहे, पण मी स्वतः खाली उभा राहणार, मला बघायचंय. दोर बांधायला म्हणून पूर्णिमाच्या हॉलमधला खांब मोजला. मी कवेत घेतला तर हात हाताला लागत नाहीत. आमच्या बाल्कनीची जाळी सुतार काढून देईल. पट्ट्याची शिवण तू बघितल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. नवा दोर तू आणते आहेस, तो मी कपड्यांना वापरणार नाही.

दिग्विजयला सांगितलं नाही. तो म्हणेल, आई, तिला कशाला. दसऱ्यानंतरच्या रविवारी ये. पुरणपोळी करते.

द्वारका


२३ ऑक्टोबर २००२

चि. उत्कर्षास अनेक आशीर्वाद.

नीट पोहोचलीस, पूर्णिमाच्या मोबाइलवर तुझा निरोप आला. रविवारी तुला दुपारचीच बंगळूरची बस गाठायची होती, म्हणून सलूनमध्ये काय झालं ते तुला बघायला मिळालं नाही. आणि तू वर तिसऱ्या मजल्यावर दोर धरून होतीस, म्हणून खालचं दिसलं नाही. ते सगळं आता लिहिते. पूर्णिमानं ऑफिसच्या प्रिंटरचे कोरे कागद आणून दिले आहेत, कागदाची कमतरता नाही.

आधी माझं. आधी चाचणीला सोडलेलं गव्हाचं पोतं सुखरूप उतरल्यावर "आता मी" म्हटलं, तेव्हा तुम्ही दोघी हसलात. पण या घरात कोणताही पदार्थ मी चाखल्याशिवाय यांच्या ताटात गेलेला नाही, आणि हे तर यांचं अख्खं अंग होतं. पूर्णिमाचा पंजाबी ड्रेस घालून कठड्यावरून पाय बाहेर टाकला तेव्हा मला परत आत यावंसं वाटलं, हे तुला वरून कळलं नसावं, कारण मी तोंडानं रामरक्षा म्हणत होते आणि ती ठणठणीत म्हणत होते. दोर ताणला, मी त्यात बसले, आणि एकदम कळलं की आपल्याला काहीच करायचं नाही. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. भिंतीला पाय लावत खाली चालले. पहिल्या मजल्यावर सुंदराबाई खिडकीत शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या मला बघून म्हणाल्या, "द्वारकाबाई, चहा टाकू?" मी म्हटलं, "येताना."

मग हे. तू यांच्या छातीला आणखी पट्ट्या बांधल्यास, डाव्या हाताला झोळी केलीस, तेव्हा मी खाली होते, हे भिंतीवर आपटू नयेत म्हणून बांधलेला बाजूचा दोर धरून. देवघरातली घंटा यांनी उजव्या हातात मागून घेतली, ते तुला माहीत आहे. "एक बेल थांबा, डबल बेल चला. तोंडी हुकूम ऐकला जाणार नाही." तुम्ही वरून विचारत होतात, काका तयार का? आणि यांनी डबल बेल दिली.

उत्कर्षा, मी खालून पाहिलं. बाल्कनीतून आधी पांढऱ्या बुटांतले दोन पाय आले, मग पायजमा, मग तुझा तो पट्टा, मग हे. ऊन तोंडावर होतं. वर्षभर ज्या माणसाला मी पाठीत हात घालून उठवते, तो माणूस हवेत ताठ बसला होता. श्यामसुंदर वस्तरा हातात घेऊन रस्त्यात आला होता. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या मागे.

पहिल्या मजल्याशी यांनी एक बेल दिली आणि तू दोर थांबवलास. वरून तुझा आवाज आला, "काका, काय झालं? त्रास होतोय का?" तू घाबरलीस, ते मला तुझ्या आवाजावरून कळलं. डॉक्टर दोन पावलं पुढे आले. सुंदराबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. हे शांतपणे इकडे तिकडे बघत होते. मग पुन्हा डबल बेल. खाली आल्यावर मी विचारलं, अहो, मध्येच का थांबलात? तर म्हणाले, "पहिला मजला आला होता. थांबा घ्यायला नको का?"

तुझा जीव वर टांगला होता, म्हणून हे तुला सांगून टाकते.

जमिनीला पाय लागले तेव्हा आम्ही भाड्यानं आणलेली चाकांची खुर्ची पुढे केली. हे लगेच बसले नाहीत. वॉकर धरून जरा वेळ नुसते उभे राहिले. मग बुटाची टाच मातीवर एकदा आपटून पाहिली आणि बसले. डॉक्टरांनी नाडी धरली आणि म्हणाले, "माझीच जास्त पळतेय."

तू खाली धावत आलीस, यांच्या पाया पडलीस, त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "चहात साखर घालून जा, ही घालत नाही," असं म्हणाले. ते तू ऐकलंसच. मग तुला निघावं लागलं आणि आम्ही रस्ता ओलांडला.

सलूनमध्ये मला आत येऊ दिलं नाही. "बायकांचं काय काम?" मी बाहेरच्या बाकावर बसले, पण दार उघडं होतं. श्यामसुंदरनं पांढरं कापड झटकून यांच्या गळ्याशी बांधलं आणि मग अडला. "काका, कापू काय? परवाच तर कापले."

हे म्हणाले, "नुसती कात्री चालव. आवाज हवाय."

श्यामसुंदरनं कात्री चालवली. कितीतरी वेळ यांच्या कानामागे नुसती रिकामी कात्री वाजत होती. बाकीची गिऱ्हाइकं वर्तमानपत्र खाली ठेवून बघत होती. मी रस्त्याकडे तोंड केलं. मग आतून यांचा आवाज आला, "काय रे, सगळ्यांना मुकं केलंस का? उड्डाणपुलाचं काय झालं ते सांगा." आणि जे सुरू झालं, ते दुपारचं जेवण थंड होईपर्यंत. पुणं कोणी बिघडवलं यावर तीन मतं पडली. यांचं चौथं होतं.

वर कसं आणायचं ही चिंता मला होती. तू शिकवलेल्या पुल्यांनी ओढायचं ठरलं होतं, पण पूर्णिमा एकटी पडली असती. सलूनमधली मंडळी म्हणाली, आम्ही खुर्चीसकट उचलतो. मी यांच्याकडे भीत भीत पाहिलं. हे म्हणाले, "उचला. खाली नेणारे चौघं वेगळे. वर आणणारे चालतात."

सोमवारी सकाळी फलकावर बद्रीनाथांची सूचना लागली: "सभासदांनी ये-जा करण्यासाठी जिन्याचाच वापर करावा. इमारतीच्या दर्शनी भागावरून उतरण्यास सक्त मनाई आहे." खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं आहे, 'बसथांबे वगळून'. अक्षर सुंदराबाईंचं वाटतं.

पुरणपोळ्यांचा डबा स्टीलचा होता, तो पुढच्या वेळी आण. पुढची वेळ असं लिहिलं आहे, ते खोडत नाही.

द्वारका


१८ डिसेंबर २००२

चि. उत्कर्षास अनेक आशीर्वाद.

लग्न झालं. हे तुला कळवावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. न कळवलं तर दोन कढयांच्या नंतर लपवल्यासारखं होईल, आणि तू ते शोधशीलच.

दिग्विजय आठवडाभर आधी आला. रविवारच्या सलूनबद्दल त्याला यांनीच फोनवर सांगितलं होतं. तेव्हा तो माझ्यावर चिडला होता. "आई, बाबांना काही झालं असतं तर? आणि तिला कशाला मध्ये आणलंस?" मी म्हटलं, मी नाही आणलं, ती तिचं सामान बघायला आली होती.

आल्यावर तो पहिल्यांदा वर पूर्णिमाकडे गेला. खांबाला तू बांधून ठेवलेला फास तसाच आहे, पूर्णिमा त्यावरून रोज उडी मारून स्वयंपाकघरात जाते. ती सांगत होती, त्यानं खाली बसून बराच वेळ तो बघितला. बोटांनी चाचपला. जोर लावून ओढून पाहिला. मग पट्ट्याची शिवण उलटून पाहिली, तू दोन ठिकाणी नव्यानं घातलीस ती. पूर्णिमानं विचारलं, "पुन्हा बांधायचा का?" तो म्हणाला, "नको. मी बांधला असता तर एवढा नीट झाला नसता."

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यानं मुंडावळ्या बांधायच्या आधी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि दोर हातात घेतला. पूर्णिमा त्याच्या मागे, तू सांगितलंस तशी. यांच्या अंगात रेशमी सदरा, वर तुझा पट्टा, हातात घंटा. मी बाजूचा दोर धरून खाली. बद्रीनाथ स्वतः दोन मुलांना घेऊन गाड्या हटवत होते. आज मनाई का नाही, म्हटलं, तर म्हणाले, "मंगलकार्याला सूट आहे."

पहिल्या मजल्यावर थांबा घेतला. सुंदराबाईंनी खिडकीतून यांना ओवाळलं, तोंडात पेढा घातला. तो चावून होईपर्यंत दिग्विजयनं दोर धरून ठेवला. मग डबल बेल.

कार्यालयात यांनी खुर्चीत बसून, आपल्या हातानं अक्षता टाकल्या. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "मला सुनेनं उतरवलं." नाशिकच्या विहीणबाई गोंधळल्या. म्हणाल्या, "पण आमची तर आत्ताच आली." हे म्हणाले, "ही नव्हे हो. ती." मला जमीन दुभंगावी असं झालं. पण नवी मुलगी मोठी समजूतदार निघाली. खाली वाकून यांना म्हणाली, "बाबा, मलाही सांगा, कसं उतरवलं ते." मग काय, यांचं ऐकायला माणूस मिळालं. पंगत उठली तरी दोघांचं चालू होतं.

दिग्विजय परवा परत जाईल. काल त्यानं मला विचारलं, "ती अजून चढते का?" मी म्हटलं, तूच विचार. तो म्हणाला, "नको. फक्त तिला सांग, दोर छान आहे." सांगितलं.

आता मुद्द्याचं. संक्रांतीला रजा मिळते का बघ. तुझ्या आईंनाही घेऊन ये. गुळाच्या पोळ्या करते, आणि पूर्णिमाला तुझ्याकडून नवीन गाठ शिकायची आहे. बंगळूरची बस भल्या सकाळी येते, रिक्षावाले त्या वेळी वाट्टेल ते बोलतात, तरी घासाघीस न करता सरळ ये. यांनी श्यामसुंदरला आणि पूर्णिमाला आत्ताच सांगून ठेवलं आहे: त्या दिवशी उजाडताच यांना उतरवायचं. तुला घ्यायला हे खाली फाटकापाशी उभे राहणार आहेत.

तुझी
काकू